रेने देकार्त : भूमितीला बीजगणिताची जोड देणारा तत्त्वज्ञ

गणिताच्या तासाला आपण चौकटींच्या कागदावर एकमेकींस काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा काढतो. आडव्या रेषेस क्ष-अक्ष आणि उभ्या रेषेस य-अक्ष म्हणतो. मग कागदावरील कोणताही बिंदू भुज आणि कोटी अशा दोन अंकांनी नेमका सांगता येतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणास तरी प्रथम सुचली असेल आणि त्यापूर्वी शेकडो वर्षे मोठमोठ्या पंडितांनाही ती सुचली नव्हती, हा विचारही मनाला शिवत नाही. वास्तविक आकृती आणि अंक ही दोन भिन्न राज्ये होती. आकृतीचे राज्य भूमितीचे, अंकांचे राज्य अंकगणिताचे व बीजगणिताचे. या दोन राज्यांमध्ये पूल बांधण्याचे श्रेय ज्या थोड्या पुरुषांकडे जाते, त्यांत रेने देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ अग्रगण्य होय. त्याचे चरित्र उद्बोधक आहेच, परंतु आकृती लहानमोठी करण्याचे जे प्रकरण विद्यार्थ्यांना नेहमी चकविते, त्याचे मर्मही या चरित्राच्या ओघात सहज उलगडते.

फ्रान्स देशाच्या तुरेन प्रांतात ला हे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ३१ मार्च १५९६ रोजी रेनेचा जन्म झाला. त्या गावाने पुढे आपल्या या पुत्राचेच नाव धारण केले असून आज ते देकार्त याच नावाने ओळखले जाते. रेनेचे वडील ब्रिटनी प्रांताच्या न्यायसभेत अधिकारी होते. रेने जेमतेम चौदा महिन्यांचा असताना त्याची आई निवर्तली. मातृसुखाला पारखे झालेले हे अशक्त मूल आजीच्या छायेत वाढले. प्रकृती नाजूक, छातीत खोकला, चेहरा फिकट. हे मूल फार दिवस जगेल असे वैद्यांनाही वाटत नव्हते. परंतु दुर्बल शरीरात अनेकदा प्रबळ जिज्ञासा वास करते, त्याचे हे एक उदाहरण होते.

वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी त्याला ला फ्लेश येथील जेझुइट पंथीयांच्या विद्यालयात घालण्यात आले. चौथ्या हेन्री राजाच्या आश्रयाने स्थापन झालेले हे विद्यालय युरोपात नावाजलेले होते. त्याच्या प्रकृतीकडे पाहून तेथील चालकांनी त्याला सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात राहण्याची मुभा दिली. ही सवय त्याने जन्मभर पाळली. मात्र तो वेळ तो निद्रेत घालवीत नसे. अंथरुणात पडल्या पडल्या चिंतन करणे हाच त्याचा उद्योग असे. याच सवयीवरून पुढे एक गमतीची कथा रचली गेली. छतावर फिरणारी माशी पाहून, तिची जागा दोन भिंतींपासूनच्या अंतरांनी सांगता येईल, असे त्याला सुचले, असे ती कथा सांगते. कथा गोड आहे, परंतु त्याच्या लेखनात तिला आधार नाही. खरा शोध अशा एका क्षणात लागला नाही. त्यामागे अनेक वर्षांचा विचार होता, हे आपण पुढे पाहणारच आहोत.

आम्हा गोमंतकीयांना येथे एक समांतर गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. ज्या जेझुइट संघाने ला फ्लेशला रेनेला शिकविले, त्याच संघाचे लोक त्या काळी गोव्यातही विद्यालये व छापखाने चालवीत होते. रेनेने प्वाटिए येथील विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळविली ती १६१६ साली. आणि त्याच १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण आपल्या रायतूर येथे छापले गेले. एकाच पंथाच्या दोन शाखांनी जगाच्या दोन टोकांना किती भिन्न फळे धरली, हे पाहून आश्चर्य वाटते.

विद्यालयातील शिक्षणाविषयी देकार्तचे मत मात्र संमिश्र झाले. भाषा, काव्य, इतिहास, तर्क, तत्त्वज्ञान हे सर्व विषय तो मन लावून शिकला. परंतु तत्त्वज्ञानात एकही विधान असे आढळेना की ज्यावर पंडितांचा वाद नाही. त्याचे समाधान केले ते एकट्या गणिताने. तेथे सिद्ध झालेली गोष्ट सर्वांना मान्य करावी लागते, आणि ती कोणाच्या अधिकाराच्या बळावर नव्हे तर कारणांच्या बळावर. इतका पक्का पाया असलेल्या विद्येवर कोणी याहून उंच इमारत का उभारली नाही, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला.

पदवी घेतल्यावर त्याने वकिली केली नाही. पुस्तके पुष्कळ वाचली, आता जगाचा ग्रंथ वाचावा, या हेतूने तो प्रवासास निघाला. १६१८ साली तो हॉलंडमध्ये ब्रेडा येथे नासोच्या मॉरिस राजपुत्राच्या सैन्यात स्वयंसेवक म्हणून दाखल झाला. तेथेच त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आयझाक बेकमान या विद्वानाशी त्याची गाठ पडली. बेकमान वयाने सात वर्षांनी वडील होता आणि निसर्गातील घटना गणिताने समजून घेण्याचा त्याला ध्यास होता. या स्नेहामुळे सैनिक देकार्त पुन्हा गणिताकडे वळला.

पुढल्याच वर्षी, १६१९ साली, त्याने बेकमानला एका उपकरणाची कल्पना कळविली. बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या, आणि त्यांवर काटकोनात बसविलेल्या, एकमेकींना ढकलणाऱ्या आणखी काही पट्ट्या, अशी त्याची रचना होती. बिजागरी उघडली की आतील पट्ट्या सरकतात आणि एकापुढे एक असे काटकोन त्रिकोण तयार होतात. यातील प्रत्येक त्रिकोण पाठीमागील त्रिकोणाशी समरूप असतो; म्हणजे आकार तोच, केवळ माप वाढलेले. पहिल्या त्रिकोणापासून दुसरा जितक्या पटींनी मोठा, तितक्याच पटींनी दुसऱ्यापासून तिसरा आणि तिसऱ्यापासून चौथा मोठा. बिजागरी थोडी अधिक उघडली तर सर्व त्रिकोण बदलतात आणि पटही बदलते, परंतु एका त्रिकोणापासून पुढील त्रिकोणापर्यंतची पट सर्वत्र सारखीच राहते. मापे बदलली तरी लागोपाठच्या मापांमधील गुणोत्तरे परस्परांस समान राहतात, ही जाणीव तेविसाव्या वर्षीच देकार्तच्या मनात इतकी ठसली होती की, अठरा वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथातही त्याने या उपकरणास स्थान दिले.

१६१९ च्या नोव्हेंबरात तो जर्मनीत होता. कडाक्याच्या थंडीत शेगडीने ऊबदार केलेल्या एका खोलीत तो एकटाच विचार करीत बसे. १० नोव्हेंबरच्या रात्री त्याला लागोपाठ तीन स्वप्ने पडली आणि सर्व विद्यांना एकाच पद्धतीने जोडण्याचे कार्य आपणास नेमून दिले आहे, असा त्याने त्यांचा अर्थ लावला. स्वप्नांचे महत्त्व आपण मानू वा न मानू. परंतु त्या रात्रीनंतर त्याने जो संकल्प केला तो आयुष्यभर सोडला नाही. कठीण प्रश्नाचे लहान भाग पाडावे. सोप्यापासून अवघडाकडे जावे. जे स्पष्ट दिसत नाही ते खरे म्हणून स्वीकारू नये. आणि शेवटी काही राहून गेले नाही ना, याची फेरतपासणी करावी, असे त्याच्या पद्धतीचे सार आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसही हे नियम जसेच्या तसे लागू पडतील!

१६२८ च्या अखेरीस तो हॉलंडमध्ये राहावयास गेला आणि पुढील वीस वर्षे त्याने बहुतेक तेथेच काढली. या अवधीत त्याने कितीतरी वेळा घरे व गावे बदलली. लोकांची वर्दळ टाळून निवांतपणे काम करता यावे, हा त्यामागील हेतू. १६३१ साली लायडनच्या गोलियस नावाच्या पंडिताने त्याच्यापुढे एक प्राचीन प्रश्न ठेवला. तो ग्रीक गणिती पॅपस याच्या ग्रंथातील होता. काही सरळ रेषा दिलेल्या आहेत. एखाद्या बिंदूपासून त्या रेषांपर्यंतची अंतरे घेऊन काहींचा गुणाकार केला, उरलेल्यांचाही केला, आणि या दोन गुणाकारांचे गुणोत्तर ठरीव असले पाहिजे. तर असे बिंदू कोणत्या वक्रावर असतील? तीन-चार रेषांपर्यंत ग्रीकांची मजल गेली होती. सहांहून अधिक रेषा आल्या की त्यांची वाट खुंटे. ती का खुंटे, हे समजून घेतल्यास देकार्तची थोरवी कळेल.

प्राचीनांच्या मते दोन लांबींचा गुणाकार म्हणजे आयताचे क्षेत्रफळ. तीन लांबींचा गुणाकार म्हणजे ठोकळ्याचे घनफळ. मग चार लांबींचा गुणाकार म्हणजे काय? त्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही, म्हणून त्याला अर्थही नाही! लांबीत क्षेत्रफळ मिळविणे हेदेखील त्यांना निषिद्ध वाटे. भूमितीच्या पायात ही बेडी दोन हजार वर्षे पडून राहिली होती.

ही बेडी देकार्तने एका साध्या युक्तीने तोडली. त्याने आपल्या मर्जीने एक रेषाखंड निवडला आणि त्यास एकक म्हटले. मग गुणाकार कसा करावयाचा ते पाहा. ब या बिंदूतून दोन रेषा काढा. पहिल्या रेषेवर ब पासून एक एकक अंतरावर अ हा बिंदू घ्या आणि तीन एकक अंतरावर ड हा बिंदू घ्या. दुसऱ्या रेषेवर ब पासून दोन एकक अंतरावर क हा बिंदू घ्या. अ आणि क जोडा. आता ड मधून अक ला समांतर रेषा काढा. ती दुसऱ्या रेषेला जेथे मिळेल त्या बिंदूला इ म्हणा. बइ ची लांबी मोजली तर ती सहा एकक भरेल. तीन आणि दोन यांचा गुणाकार सहा, आणि तो क्षेत्रफळ नसून पुन्हा एक लांबीच आहे! मग अशा कितीही लांबींचा गुणाकार करावा; उत्तर कागदावर काढता येण्याजोगी एक रेषाच येणार.

येथे घडले काय? बअक हा लहान त्रिकोण, बडइ हा मोठा त्रिकोण. लहान त्रिकोणच ब या बिंदूपासून सर्व दिशांना सारख्या प्रमाणात ताणून मोठा केला आहे. ब जागचा हललेला नाही. अ तिप्पट दूर जाऊन ड झाला, क तिप्पट दूर जाऊन इ झाला. अशा ताणण्यात जो बिंदू स्थिर राहतो त्याला केंद्र म्हणतात, आणि प्रत्येक अंतर ज्या संख्येने गुणले जाते तिला प्रमाणगुणक म्हणतात. येथे प्रमाणगुणक तीन. देकार्तच्या भूमितीचे पहिलेच पान अशा रीतीने या प्रमाणवृद्धीवर उभे आहे. त्रैराशिक तर आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लीलावतीत विस्ताराने शिकविलेच होते आणि शंकूच्या छायेवरून दिव्याची उंची काढण्याची उदाहरणेही दिली होती. देकार्तचे वैशिष्ट्य असे की, त्याच गुणोत्तराच्या आधारे त्याने सारी भूमिती बीजगणिताच्या हाती सोपविली.

आता आपल्या वर्गातील उदाहरण घेऊ. मूळ आकृतीत प हा बिंदू (३, ५) आणि फ हा बिंदू (६, ९) आहे. आकृती मोठी केल्यावर प ची प्रतिमा (७, ११) येथे आणि फ ची प्रतिमा (१६, २३) येथे पडली. प्रमाणगुणक किती? पुष्कळ विद्यार्थी सातास तीनाने भागतात, अकरास पाचाने भागतात, आणि दोन निराळी उत्तरे आलेली पाहून गोंधळतात. अशा भागाकाराने उत्तर मिळते ते केंद्र आरंभबिंदूवर असेल तेव्हाच. येथे केंद्र अन्यत्र आहे, हेच ती दोन निराळी उत्तरे आपणास सांगत असतात.

मग मार्ग कोणता? बिंदूंची स्थाने न पाहता त्यांमधील अंतरे पाहावी. प पासून फ पर्यंत जाताना भुज तीनाने वाढतो आणि कोटी चाराने वाढते. या दोन बाजूंवर काटकोन त्रिकोण कल्पिला तर त्याचा कर्ण पाच. प्रतिमांमध्ये भुज नऊने वाढतो, कोटी बाराने वाढते, कर्ण पंधरा. पंधरास पाचाने भागले, उत्तर तीन. हाच प्रमाणगुणक. नऊस तीनाने भागा, बारास चाराने भागा, सर्वत्र तीनच येतात. केंद्र (१, २) येथे आहे असे सांगितले असेल, तर ताळाही पाहता येतो. केंद्रापासून प हा भुजेत दोन आणि कोटीत तीन इतका दूर आहे. त्याची प्रतिमा सहा आणि नऊ इतकी दूर आहे. पुन्हा तिप्पटच!

येथे तीन गोष्टी ध्यानात धराव्या. पहिली, भागाकार करताना प्रतिमेचे माप वर आणि मूळ आकृतीचे माप खाली असावे. क्रम उलटला तर तीनऐवजी एकतृतीयांश येईल, आणि आकृती वाढली असता ती लहान झाली असे आपण लिहून बसू. दुसरी, प्रमाणगुणकाला सेंटिमीटर वा मीटर असे परिमाण नसते; लांबीला लांबीने भागले की उरते ती निव्वळ संख्या. तिसरी, लांबी तिप्पट झाली तरी कोन तेच राहतात, क्षेत्रफळ मात्र नऊपट होते. गावाच्या नकाशावरून शेताचे क्षेत्रफळ काढताना हे विसरणारा मनुष्य मोठ्या नुकसानीत येईल.

देकार्तच्या स्वतःच्या ग्रंथात आपल्या पाठ्यपुस्तकासारखे दोन लंब अक्ष आणि चारही बाजूंना पसरलेले अंक आढळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तो प्रश्नास सोयीची एक रेषा आधारास घेई आणि दुसरी अंतरे तिच्याशी ठरीव कोनात मोजी. आजचा सुटसुटीत आलेख त्याच्यानंतरच्या गणितींनी घडविला. परंतु वक्र म्हणजे दोन बदलत्या लांबींमधील समीकरण, हा जो मूळ विचार, तो त्याच्या ग्रंथात पूर्ण विकसित स्वरूपात आहे. ज्ञात राशींना वर्णमालेतील आरंभीची व अज्ञात राशींना अखेरची अक्षरे द्यावी आणि घात दाखविण्यासाठी अक्षराच्या माथ्यावर लहान अंक लिहावा, हे आपले नित्याचे संकेतही त्याच्याच ग्रंथामुळे रूढ झाले.

तो ग्रंथ १६३७ साली लायडन येथे प्रसिद्ध झाला. पण त्याआधी एक मोठे संकट येऊन गेले होते. विश्वाच्या रचनेविषयीचा एक ग्रंथ देकार्तने जवळजवळ पुरा केला होता. त्यात पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे तत्त्व गृहीत होते. इतक्यात १६३३ साली गॅलिलिओला रोम येथे धर्मन्यायालयाने याच मतासाठी दोषी ठरविल्याची वार्ता आली. देकार्तने आपला ग्रंथ मिटून ठेवला, आणि तो त्याच्या हयातीत प्रकाशात आला नाही. यास कोणी भीरुता म्हणेल, कोणी सावधपणा म्हणेल. हॉलंडमध्ये राहत असल्यामुळे त्याला प्रत्यक्ष भय थोडे होते, हे खरे; परंतु आपल्या धर्मसंस्थेशी त्याला वैर नको होते. सत्य कळूनही ते पेटीत बंद करावे लागले, ही सल त्याच्या मनात राहिली असल्यास नवल नाही.

चार वर्षांनी त्याने पद्धतीविषयीचा निबंध आणि त्यास जोडून दृष्टिशास्त्र, वातावरणातील घटना आणि भूमिती असे तीन प्रबंध छापले. आपले नाव मात्र ग्रंथावर घातले नाही. हा ग्रंथ त्याने पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता फ्रेंचमध्ये लिहिला. कारण जुन्या पोथ्यांवर विसंबणाऱ्यांपेक्षा स्वतःची बुद्धी वापरणाऱ्या वाचकांवर त्याचा अधिक भरवसा होता. मातृभाषेतून शास्त्र सांगता येते, हे सिद्ध करणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते. इंद्रधनुष्य सुमारे ४२ अंशांच्या कोनातच का दिसते, याचे गणितही त्याने त्यात करून दाखविले.

याच सुमारास पिएर द फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितीनेही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला होता; परंतु त्याचे लेखन हस्तलिखितातच राहिले आणि ते १६७९ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. या दोघांत काही प्रश्नांवर कटू वाद झाले आणि त्यांत देकार्तने नेहमीच औदार्य दाखविले, असे म्हणवत नाही. त्याची भूमिती समजावयासही कठीण होती. अनेक पायऱ्या त्याने मुद्दाम गाळल्या होत्या. लायडनच्या फ्रान्स फान स्कूटेन या शिक्षकाने १६४९ साली तिचा लॅटिन अनुवाद टीपांसह प्रसिद्ध केला, पुढे तो वाढविला, आणि तोच अनुवाद तरुण न्यूटनच्या हाती पडला. एका शिक्षकाच्या परिश्रमांमुळे एक विद्या पुढील पिढीस कशी पोचते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

देकार्तच्या खाजगी जीवनात सुख फार थोडे आले. हॉलंडमधील हेलेना नावाच्या स्त्रीपासून त्याला १६३५ साली एक कन्या झाली. तिचे नाव फ्रान्सीन. हा एकांतप्रिय मनुष्य या मुलीवर जीव टाकीत असे आणि तिला शिक्षणासाठी फ्रान्सला पाठविण्याचा त्याचा मानस होता. परंतु १६४० च्या सप्टेंबरात ती आरक्तज्वराने गेली. तेव्हा ती अवघी पाच वर्षांची होती. पुढल्याच महिन्यात वडीलही गेले. मनुष्याने रडू नये असे मानणाऱ्यांपैकी आपण नाही, हे त्या सुमारास त्याने एका शोकग्रस्त मित्रास लिहून कळविले. तर्काचा एवढा उपासक, पण दुःखाला तर्काने झाकून टाकण्याचा खोटेपणा त्याने केला नाही.

पुढल्या वर्षी, १६४१ साली, त्याचा चिंतने हा तत्त्वज्ञानाचा प्रमुख ग्रंथ निघाला. ज्यावर किंचितही शंका घेता येईल ते सर्व बाजूस सारावे, असा त्याने निश्चय केला. डोळे फसवितात, स्वप्नेही खरी भासतात. मग निश्चित असे काय उरले? शंका घेणारा कोणी तरी आहे, विचार करणारा मी आहे, एवढे मात्र शंकेनेही खोडता येत नाही! पृथ्वी हलविण्यास आर्किमिडीजने एक स्थिर बिंदू मागितला होता. तसा एक बिंदू ज्ञानासाठी आपणास मिळाला, असे देकार्तला वाटले. भूमितीत आकृती ताणताना केंद्र जागचे हलत नाही आणि सारी मापे त्याच्यापासून घेतली जातात, तद्वत् ज्ञानातही एक अचल स्थान शोधून तेथूनच मोजमाप सुरू करावे, ही त्याची वृत्ती दोन्ही क्षेत्रांत एकच होती.

नव्या विचारांना विरोध झाल्यावाचून राहिला नाही. १६४२ साली उट्रेख्टच्या विद्यापीठाने त्याच्या तत्त्वज्ञानाचा निषेध केला. पण त्याच काळात त्याला एक असामान्य विद्यार्थिनीही लाभली. बोहेमियाची निर्वासित राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ पासून त्याच्याशी पत्रव्यवहार केला. मन आणि शरीर ही दोन सर्वस्वी भिन्न असतील तर मन शरीराला हलविते तरी कसे, हा तिचा प्रश्न इतका मर्मभेदी होता की, देकार्तला त्याचे पुरते उत्तर देता आले नाही. त्याने रागावून तिला दूर सारले नाही, उलट आपला पुढील ग्रंथ १६४४ साली तिलाच अर्पण केला.

१६४९ साली स्वीडनच्या क्रिस्टिना राणीने त्याला आग्रहाने आपल्या दरबारी बोलाविले. मनात नसतानाही तो गेला. राणीने शिकवणीसाठी वेळ नेमली ती पहाटे पाच वाजताची! जन्मभर उशिरा उठणाऱ्या त्या नाजूक प्रकृतीच्या मनुष्याला स्टॉकहोमच्या हिवाळ्यात त्या वेळी राजवाड्यात जावे लागले. तो ज्यांच्या घरी उतरला होता ते फ्रेंच वकील फुप्फुसदाहाने आजारी पडले. देकार्तने त्यांची शुश्रूषा केली. वकील बरे झाले आणि देकार्त अंथरुणास खिळला. ११ फेब्रुवारी १६५० रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, परक्या देशात त्याचा अंत झाला. पुढे १६६६ साली त्याच्या अस्थी फ्रान्सला नेण्यात आल्या. त्याआधीच, १६६३ साली, रोमच्या धर्मपीठाने त्याचे ग्रंथ निषिद्ध पुस्तकांच्या यादीत घातले होते. ज्या वैराच्या भीतीने त्याने एक ग्रंथ दडविला, ते वैर त्याच्या मृत्यूनंतरही त्याला चुकले नाही.

देकार्तचे सर्वच सिद्धान्त टिकले असे नाही. ग्रह सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यांत फिरतात, हे त्याचे मत न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणापुढे लोपले. पदार्थांच्या आघाताविषयीचे त्याचे बहुतेक नियम चुकीचे ठरले. त्याची भूमिती मात्र टिकली. कारण ती कोणा थोर पुरुषाच्या शब्दावर उभी नसून, ज्याला पाहिजे त्याने स्वतः ताळा पाहावा, अशा पायावर उभी आहे.

विद्यार्थी मित्रहो, आकृतीचा प्रमाणगुणक काढताना केवळ सूत्र पाठ करून आकडे भरणे हा देकार्तचा मार्ग नव्हे. प्रथम विचारावे, मापे कोठून घेतली आहेत? केंद्र कोणते? मूळ कोणते आणि प्रतिमा कोणती? एका जोडीवरून आलेले उत्तर दुसऱ्या जोडीवर ताडून पाहिले काय? एवढे प्रश्न जो विद्यार्थी स्वतःस विचारील त्याचे गणित सहसा चुकणार नाही. आणि हीच सवय त्याने गणिताच्या वहीबाहेर नेली, ऐकलेल्या वार्तेस, वाचलेल्या मतास आणि स्वतःच्या समजुतींस लावली, तर मोठमोठ्या नावांनी तो दिपणार नाही आणि लहानसहान सत्यांकडे दुर्लक्षही करणार नाही. आईवेगळ्या, दुबळ्या, अंथरुणात पडून विचार करणाऱ्या एका मुलाने जगाला दिलेला हा वारसा आहे. चौकटींच्या कागदावर पुढील आकृती काढताना त्याचे कृतज्ञतेने स्मरण करावे, आणि मग ताळा करून पाहण्यास विसरू नये.